पडद्यावरची बाई थांबत नाही

आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात, नाटक अंगात भिनलेलं. दिवाळी झाली, धान घरात आलं की गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि रात्री नाटक लागतं. वडशाच्या नाटक कंपन्या येतात. पाहुणे, लेकीजावई, म्हातारी माणसं, अख्खं घर चादरी-ब्लँकेटं घेऊन मंडपात, ते पहाटेपर्यंत. पोरं मांडीवर झोपतात, मधेच रडतात. खलनायक आला की बाया त्याला मनसोक्त शिव्या घालतात. गाणं आवडलं तर वन्समोअर. यात कोणालाच काही वावगं वाटत नाही, कारण स्टेजवरच्या माणसाला आपण ऐकू येतो. हशा ओसरेपर्यंत तो पुढचं वाक्य धरून ठेवतो. गोंगाट झाला तर आवाज चढवतो.

सिनेमातली माणसं आपल्यासाठी थांबत नाहीत. एक वाक्य बुडालं की शेजारच्याच्या वाट्याचं ते गेलंच. थेटरात कसं बसावं याचा सगळा विचार मी इथूनच करते.

2023 च्या पावसाळ्यात आमच्या बचत गटाच्या बाया केदार शिंदेंचा ‘बाईपण भारी देवा’ बघायला काळीपिवळी जीप करून चंद्रपूरला गेलो. धानाचे पऱ्हे टाकून झाले होते, रोवणीला अवकाश होता, म्हणून जमलं. काहीजणी तर लग्नानंतर पहिल्यांदाच थेटरात पाऊल ठेवत होत्या. सहा सख्ख्या बहिणी, प्रत्येकीच्या घरची वेगळी कुतरओढ, मनात जुन्या अढ्या, आणि मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी त्यांना एकत्र यावं लागतं. मंगळागौरीचे खेळ आमच्याकडे फारसे नाहीत, आमची भुलाबाई. पण फुगडी काय अन् बहिणींचा अबोला काय, समजावून सांगावा लागत नाही. रोहिणी हट्टंगडी आणि वंदना गुप्ते यांच्या नुसत्या बघण्यावर बाया हसत होत्या आणि पुढच्या मिनिटाला पदर डोळ्यांना लावत होत्या.

खेळांच्या वेळी मागच्या रांगेतल्या बाया उठून नाचल्या. त्या नाचण्याला मी बेशिस्त म्हणणार नाही. त्या सिनेमाबरोबरच होत्या. सगळं थेटर एकदम हसतं तेव्हा हसण्याची गोडी वाढते, आणि घरी टीव्हीपुढे एकटीनं बसून ती मिळत नाही, म्हणून तर आपण तिकीट काढतो.

त्रास वेगळ्याच गोष्टींचा होता. पडद्यावर बहिणी पहिल्यांदा मनातलं बोलत होत्या, थेटर शांत झालं होतं, आणि आमच्या पुढच्या रांगेत एक गृहस्थ पन्नीत खर्रा घोटत होते. चुर्र-चुर्र, चुर्र-चुर्र. तो आवाज विदर्भातल्या कोणालाही सांगायला नको. वरून सुपारी-तंबाखूचा वास. माझ्या मोठ्या जाऊबाई वाकून म्हणाल्या, “भाऊ, बाहेर जाऊन घोटा न जी. आमाले आयकू येऊन नाही राहिलं.” त्यांनी मुकाट्यानं पुडी खिशात टाकली. सांगितलं की बहुतेक माणसं ऐकतात. सांगायचं मात्र त्या वेळीच, हळू आवाजात, भाऊ-ताई म्हणून.

दुसरं मोबाइलचं. कोणाची चप्पल सीटखाली गेली की लगेच टॉर्च लागतो, आणि मागच्या चार रांगांच्या डोळ्यांत उजेड जातो. स्टेटसला ठेवायला पडद्याचा व्हिडिओ काढणाऱ्या पोरी-बायाही खूप. प्रत्येकीनं हे समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं: चित्रपटाची चोरून नकल करण्याविरुद्धचा कायदा त्याच 2023 साली कडक झाला. त्यात किमान 3 महिने कैद आणि 3 लाख रुपये दंड आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, हातभर उंच धरलेला तो फोन मागच्या म्हातारीचा अर्धा पडदा झाकतो. तिनंही तिकीट काढलेलं असतं.

आणि आधी बघून आलेल्या बाया! “आता पाह्य, ही रडते.” माय वं, रडू दे न तिले.

लेकरांबद्दल मात्र मी कठोर होऊ शकत नाही. लेकरू घरी ठेवून ये म्हटलं तर आमच्या गावची सून थेटर कधी बघणारच नाही. आमच्यातल्या एकीचं तान्हं मध्यंतरानंतर किरकिर करू लागलं. ती त्याला खांद्यावर घेऊन दाराशी गेली आणि तिथूनच उभ्यानं बघत राहिली. थोड्या वेळानं जाऊबाई उठल्या, “दे इकडं, तू बस जाऊन,” म्हणाल्या. त्या स्वतः बाहेर पॅसेजमध्ये लेकरू हलवत बसल्या. त्यांचा शेवट हुकला. परतताना काळीपिवळीत सगळ्यांनी मिळून त्यांना तो सांगितला, खेळांची गाणी म्हणून दाखवली, आणि मूल गाव येईपर्यंत बहिणींपैकी चुकलं कोणाचं यावर भांडण सुरूच होतं.

आता थेटरात जायचं असलं की आम्ही खिडकीवर दाराजवळच्या, रांगेच्या टोकाच्या सीटा मागून घेतो. तान्हं असलेली टोकाला बसते आणि तिच्या शेजारी अशी एकजण, जिनं सिनेमा आधी बघितलाय.