सतरा नंबरचा कॅन

माझा धंदा सांगितला की लोक आधी हसतात. मी वापरलेलं तेल गोळा करतो. हॉटेलं, कँटीन, केटरर, फरसाणचे कारखाने यांच्याकडचं तळून तळून काळं झालेलं तेल आम्ही किलोवर विकत घेतो, ते कंपनीत जातं आणि त्याचं बायोडिझेल होतं. छोटा हत्ती, मागे निळे कॅन, मी आणि ड्रायव्हर. सकाळी वागळे इस्टेट, मग नौपाडा, दुपारनंतर कळवा, दिघा, रबाळे करत तुर्भ्याला गाडी खाली. शर्टाचा वास दोन धुण्यांत जात नाही. बायको म्हणते, तू दारात आलास की आधी भजी येतात, मागून तू.

जून २०२५ मधला मंगळवार. पाऊस असा की वायपर नुसताच फिरत होता. वागळेतल्या एका फरसाणच्या कारखान्यात मागच्या आठवड्यात दोन रिकामे कॅन ठेवून आलो होतो, सोळा आणि सतरा. आमच्या प्रत्येक कॅनवर पांढऱ्या ऑइलपेंटने नंबर टाकलेला असतो, आणि सतराचा सात माझ्याच हातून ओघळलाय, त्यामुळे तो लांबूनही ओळखू येतो. सोळा अर्धाच भरलेला होता. सतरा जागेवर नव्हता.

"या वेळी तेल कमी निघालं," मॅनेजर मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला. "कॅन असेल इथंच कुठंतरी. बघून ठेवतो."

बाहेर माल भरणाऱ्या पोराने ड्रायव्हरला तंबाखू मळता मळता खरं सांगून टाकलं. स्कूटरवाला येऊन गेला होता. किलोमागे दहा रुपये जास्त, तेही रोख.

हे स्कूटरवाले आम्हाला नवे नाहीत. तेल फडक्यातून गाळायचं, तळाचा गाळ फेकायचा आणि वडा-भजीच्या गाड्यांवर विकायचं. खरं तर दिवसाला पन्नास लिटरपेक्षा जास्त तेल तळायला वापरणाऱ्यांनी त्याची नोंद ठेवायची आणि जुनं तेल आमच्यासारख्या नोंदणी केलेल्यांनाच द्यायचं, असा एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या केंद्राच्या संस्थेचा, नियम मार्च २०१९ पासून आहे. नोंदवही त्या कारखान्यातही आहे. अक्षर सुंदर आहे.

दीडच्या सुमाराला कळव्याच्या पुलाअलीकडे गाडी बाजूला घेतली. तिथे एक वडापावची गाडी आहे. नाव सांगत नाही. आयटीआयला होतो तेव्हापासून मी तिथे खातोय, म्हणजे वीस वर्षं सहज झाली. तेव्हा वडा पावाच्या बाहेर डोकवायचा. चार रुपयांत वडापाव, तळलेली मिरची मागाल तेवढी, आणि सुक्या खोबऱ्याची लसूण घालून कुटलेली चटणी. आता वीस रुपये. वडा शोधायला पाव उघडावा लागतो. चटणी म्हणजे बेसनाचा चुरा आणि तिखट. मिरची मोजून एक.

काका आत वाकून स्टोव्हची पिन करत होते. (गॅस असतोच, पण एकोणीस किलोचा सिलिंडर सतराशेच्या आसपास गेल्यापासून कांदा परतायला वगैरे पुन्हा रॉकेलचा स्टोव्ह. रॉकेल कुठून आणतात ते मी विचारलं नाही.) मी पावसातून आडोशाला शिरलो आणि बादलीला पाय लागला. बादली सरकली तर तिच्यामागे निळा कॅन. पांढरा सतरा. ओघळलेला सात.

मी काही बोललो नाही. कढईकडे बघितलं. या धंद्यात पाच वर्षं काढल्यावर तेल ओळखायला मीटर लागत नाही. चांगल्या तेलात वडा सोडला की मोठे बुडबुडे येतात आणि बसतात. इथे बारीक फेस होता, साबणासारखा, कडेला चिकटलेला, बसायचं नाव नाही. तरी मीटर गाडीतच होता, तो आणला. गरम तेलात दांडी बुडवायची, अर्ध्या मिनिटात आकडा येतो. तेल पुन्हा पुन्हा तापलं की त्यात नको ती द्रव्यं तयार होत जातात, हा आकडा म्हणजे त्यांचं प्रमाण. पंचवीस टक्क्यांच्या वर गेलं की ते तेल तळणीला वापरायचं नाही, हा कायदा २०१८ च्या जुलैपासून आहे आणि तो गाडीलाही लागू आहे.

"थर्मामीटर लावतोयस का रे?" काका हसले. "ताप आलाय का बघ."

३२. लाल दिवा.

काकांनी आकडा बघितला, मग माझ्याकडे, मग कॅनकडे. हसू गेलं.

"तुमचा आहे होय तो," ते म्हणाले.

मी विचारलं, "किती दिवस?"

"दिवाळीपासून. सगळं नाही, अर्धं घालतो. अर्धं नवं असतं."

मग त्यांनी हिशेब मांडला, झारा हातात तसाच. पामचा पंधरा किलोचा डबा पंधराशे-सोळाशेला मिळत होता. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने आयात शुल्क वाढवलं आणि तो दोन हजारांवर गेला. आता मे अखेरीस कच्च्या खाद्यतेलावरचं शुल्क उतरवलं म्हणे. "पेपरात उतरलं. दुकानात विचारलं तर म्हणतो जुना स्टॉक आहे." स्कूटरवाला तेच काम नव्वद रुपये किलोने करून देतो. लादी महागली आणि पावही बारका झाला. लसूण मागच्या साली चारशेवर गेला तेव्हा चटणीतून निघाला तो परत आलाच नाही. खोबऱ्याचं नाव काढू नको म्हणाले. पिठात निम्मं पिवळ्या वाटाण्याचं. बटाट्याचं सारण उचलायला पूर्वी डाव असायचा, आता आइस्क्रीमवाल्यांचा छोटा चमचा, टक्कन गोळा सुटतो, एकसारखा. हे शेवटचं सांगताना त्यांना थोडं कौतुकच होतं.

"मग बावीस करा, पंचवीस करा," मी म्हणालो. "जे आहे ते भाव म्हणून घ्या."

"केले होते बावीस. जानेवारीत. आठ दिवस." त्यांनी पलीकडच्या गाडीकडे मान हलवली. "तिथे अठरा होता. माझी सगळी गर्दी तिकडे. तुला सांगतो, दोन रुपये वाढवले तर माणूस तोंडावर शिव्या देतो. तेल बदललं तर एक जण बोलत नाही. सात महिने झाले, एकजण नाही. तूसुद्धा नाही."

तूसुद्धा नाही. आणि हे खरं होतं. दिवाळीपासून मी आठवड्यातून तीनदा तरी तिथे खाल्लं असेल. पित्त व्हायचं, ते मी उन्हावर ढकलत होतो. तेलाची पारख करून पोट भरणारा माणूस मी.

आमच्या कंपनीत एक साहेब आहेत, ते सांगत होते की इंडोनेशियात २०२५ पासून डिझेलमध्ये चाळीस टक्के पामचं बायोडिझेल घालायचा नियम झालाय. आपल्याकडचं बरंचसं पाम तिथून आणि मलेशियातून येतं, त्यामुळे तिथे ते इंजिनात गेलं की इथे डबा चढणार. तेव्हा मी ऐकून सोडून दिलं होतं. आता कढईसमोर उभा राहून डोक्यात एवढंच फिरत होतं की तिकडे कोरं तेल ट्रकमध्ये जातंय आणि ट्रकमध्ये जायचं तेल इथे वड्याला लागतंय.

सुपरवायझरला फोन लावला. त्याने सगळं ऐकलं आणि विचारलं, "कॅन मिळाला ना?"

"मिळाला."

"मग सोड. आपण काय एफडीए आहोत?"

तेवढ्यात कॉलेजची तीन-चार पोरं भिजत आली. एकाने वीस ऐकून तोंड वाकडं केलं. "काका, समोर अठराला आहे." काका काही बोलले नाहीत, नुसते त्याच्याकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिले. पोरगा कुरकुरत वीसची नोट ठेवून गेला. वडा गरम होता, पावसात गरम वडा, त्याला चांगलाच लागला असणार.

"कॅन तुमचा, घेऊन जा," गर्दी ओसरल्यावर काका म्हणाले. "तेलाचे मात्र मी पैसे मोजलेत." त्यांनी उरलेलं तेल स्टीलच्या पिंपात ओतलं. सावकाश, शेवटचा थेंब निथळेपर्यंत कॅन उलटा धरून. इतक्या जपून आम्हीसुद्धा ओतत नाही. मी थांबवलं नाही. काय म्हणून थांबवणार होतो? मी कोणाच्या बाजूचा होतो तेच मला त्या वेळी नीट सांगता आलं नसतं.

निघताना त्यांनी नेहमीसारखे दोन वडापाव पेपरात गुंडाळून हातात दिले. पैसे घेईनात. मी वीस-वीसच्या दोन नोटा परातीखाली सरकवल्या.

ड्रायव्हरने त्याचा पूल ओलांडायच्या आतच संपवला. "तुझा?" त्याने विचारलं. मी पुडी डॅशबोर्डवर ठेवली होती. पेपरावर तेलाचा डाग पसरत पसरत मथळ्यापर्यंत गेला होता. दिघ्याला पोचेपर्यंत त्याने माझाही खाल्ला.

तुर्भ्याला रजिस्टर भरलं. सोळा नंबर, वजन सात किलो. सतरा नंबर, वजन शून्य. शेऱ्याच्या रकान्यात थोडा वेळ पेन धरून बसलो. मागे गाड्या थांबल्या होत्या, हॉर्न वाजायला लागला. 'परत मिळाला, रिकामा' असं लिहिलं आणि सही केली.