मुकादमाच्या नजरेआड

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कुटुंबांतली १४ ते १७ वयाची मुलं स्वतःकडे कशी पाहतात, हा माझ्या पीएचडीचा विषय. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात कलम ५ आहे: शाळेचा दाखला मिळायला उशीर झाला, एवढ्यावरून प्रवेश अडवता येत नाही. पण तो कायदा ६ ते १४ वयापुरता. नववीत गेलेल्या पोराला त्याचा आधार उरत नाही, म्हणून मला हीच मुलं हवी होती.

विद्यापीठाच्या नैतिकता समितीला अठराच्या आतल्यांसाठी पालकांची लेखी संमती लागते, शिवाय मुलाचा स्वतःचा होकार. समितीतून सूचना आली की हंगामात कारखान्याच्या तळावर जा, सगळे एकाच जागी सापडतील. सोयीचं होतं खरं. पण तळावर जायचं ते मुकादमाला, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराला, विचारून. ज्याची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, अंगावर आहे त्याच्यासमोर ‘नको’ म्हणायची कुणाची टाप? तसला होकार मला नको होता. मी पट्टा पडल्यानंतर, म्हणजे हंगाम संपल्यावर एप्रिल-मेमध्ये, गावात घरी बसून बोलायची परवानगी मागितली. ती मिळाली.

अडलं ते अंगठ्यावर. कागदावर अंगठा म्हणजे अंगावर पैसे, हे या घरांना पक्कं ठाऊक. एका आईने सरळ विचारलं, “ह्याचं फेडायचं कवा?” मग समितीकडे पुन्हा अर्ज: माहिती वाचून दाखवायची, तोंडी संमती रेकॉर्ड करायची, साक्षीला मुकादमाच्या गोतावळ्याबाहेरचं माणूस. यालाच सगळ्यात जास्त वेळ गेला. लेखी फॉर्म नसेल तर फाइलला काय जोडायचं, यावरच बैठका झाल्या!

मुलाखती मात्र भरभरून झाल्या. गावच्या वर्गात ही ‘कोयत्याची पोरं’, आणि उसाच्या फडात त्यांनाच ‘साळंवाले’ म्हणून चिडवतात. मुली वेगळंच बोलत. मजुरीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, त्यामुळे लग्न झालं की मुलगी अर्धा कोयता होते. हा हिशेब पंधरा-सोळाच्या पोरींना तोंडपाठ. पाठची भावंडं सांभाळत कोपीवर, म्हणजे तळावरच्या झोपडीत, काढलेले हंगाम त्या वर्षांनी नाही, कारखान्यांच्या नावांनी मोजत होत्या.

लिहून काढलेलं प्रत्येकाला वाचून दाखवायचं, हे मीच ठरवलं होतं. दसऱ्यानंतर गाड्या निघायच्या आत ते उरकणं भाग होतं. एका मुलाने वडिलांच्या उचलीबद्दलचा भाग काढायला लावला. प्रकरणातला सर्वांत बोलका परिच्छेद तोच होता. काढला. मार्गदर्शक नाराज आहेत, त्यांचं म्हणणं नाव बदललं असतं तरी भागलं असतं. एवढ्याशा गावात नाव बदलून कोण लपतं?