‘माप कमी’ असा शेरा मारून परत आलेलं कार्ड

टॉप्स या अमेरिकन कंपनीचं १९५४ सालचं १२८ नंबरचं बेसबॉल कार्ड, म्हणजे नामवंत खेळाडू हँक ॲरनचं पहिलं कार्ड, ग्रेडिंगला (कार्ड अस्सल आहे का, किती चांगल्या अवस्थेत आहे हे तपासून अंक देणाऱ्या कंपनीकडे) पाठवलं आणि नऊ आठवड्यांनी ते ग्रेड न करताच परत आलं. सोबत एकच ओळ: माप कमी. किती कमी, कुठल्या बाजूने, काहीच लिहिलेलं नव्हतं. फोन केला तर तीच ओळ पुन्हा वाचून दाखवली. अजूनही राग येतो, कारण असा शेरा आला की घेणारा सगळ्यात आधी विचारतो, ‘कडा कापल्यात का?’

अमेरिकेतल्या आपल्या मंडळींपैकी कुणी जुनी बेसबॉल कार्डं जमवत असेल, तर पाठवण्याआधी घरीच मोजा. मी ते केलं नव्हतं.

‘कडा कापल्या’ आणि ‘माप कमी’ हे दोन वेगळे शेरे आहेत. पहिल्यात, कार्डात नंतर कुणीतरी हात घातलाय असं ग्रेडरचं म्हणणं असतं. दुसऱ्याचा अर्थ एवढाच, की कार्ड त्या सालच्या मापात बसत नाही. १९५२ ते १९५६ ची टॉप्सची कार्डं २⅝ बाय ३¾ इंचांची, म्हणजे साधारण ६६.७ बाय ९५.३ मिलिमीटर. १९५७ पासून ती २½ बाय ३½ झाली. पण छापलेले मोठे ताव कारखान्यात कापताना ताव जरासा सरकला, की एक कार्ड मोठं आणि शेजारचं छोटं. म्हणजे कारखान्यातूनच छोटं निघालेलं अस्सल कार्ड असू शकतं.

मोजायला स्टीलची पट्टी घ्या. कॅलिपरचे जबडे कडेला लावू नका, जुन्या पुठ्ठ्याची कड दबते आणि तो दाब ग्रेडरला दिसतो. पट्टीपेक्षाही भरवशाचा उपाय म्हणजे त्याच सालची, कुणी विचारत नाही अशा खेळाडूंची चार-पाच स्वस्त कार्डं आणा. एक टेबलावर ठेवा, त्यावर आपलं ठेवा, दोन कडा जुळवा आणि उरलेल्या दोन कडांकडे बघा. खालचं कार्ड किती डोकावतंय ते लगेच कळतं. सगळ्याच कार्डांशी ताडून बघा, कारण त्यांचीही मापं आपसात तंतोतंत जुळत नाहीत. माझं कार्ड उंचीला जेमतेम अर्धा मिलिमीटर कमी भरलं.

आता खरी मेख. १९५४ च्या कार्डांवर वरच्या बाजूला पांढरी पट्टी नसतेच, खेळाडूच्या चित्रामागचा रंग थेट वरच्या कडेपर्यंत जातो. ॲरनच्या कार्डावर तो नारिंगी आहे. त्यामुळे वरून कुणी कापलं असेल तर पट्टीच्या रुंदीवरून ते पकडता येत नाही. कडच वाचावी लागते. दहापटीचं भिंग घ्या आणि उजेड बाजूने, तिरपा पडू द्या. जुनी कड मळकट असते, तंतू किंचित सुटलेले असतात. नंतर कापलेली कड बाकीच्या कडांपेक्षा पांढरी आणि धारदार दिसते, कधी मध्येच लहरते. कोपरेही एकमेकांशी ताडा: खालचे दोन गोल झालेले आणि वरचे दोन टोकदार, तर संशय घ्यायलाच हवा. माझ्या कार्डाचे चारही कोपरे सारखेच झिजलेले होते आणि वरची कड बाकीच्या तिघींइतकीच मळकट. म्हणून दुसऱ्या कंपनीकडे पाठवायचा धीर झाला.

तिथे चार आठवड्यांत दहापैकी ४ ची ग्रेड मिळाली. जीव भांड्यात पडला.

एक राहिलंच. जुन्या स्क्रूच्या जाड होल्डरमध्ये कार्ड आवळून ठेवलं असेल तर आजच काढा. त्या दाबाने पुठ्ठा चपटा होऊन पसरतो आणि ग्रेडर त्याला ‘फेरफार केलेलं’ ठरवतात. पीव्हीसीची पाकिटं नकोत, पॉलिप्रॉपिलीनची घ्या. खोडरबर, ओला कापूस, इस्त्री यातलं काहीही कार्डाला लावू नका. खोलीतली आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा आणि कार्ड उन्हापासून लांब ठेवा.

पाठवताना कार्ड आधी मऊ स्लीव्हमध्ये, मग अर्धकडक होल्डरमध्ये घाला. स्लीव्हच्या वर चिकटपट्टीची छोटी शेपटी ठेवली, की कार्ड ओढून काढताना कोपरा मोडत नाही. फॉर्मवरचा क्रम आणि गठ्ठ्यातला क्रम एकच हवा. रबर बँड अजिबात नको, तो कडेत खाच पाडतो. त्याऐवजी दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवून रंगारी वापरतात ती निळी, सहज निघणारी चिकटपट्टी लावा.

महागडं कार्ड मी अमेरिकन टपालाच्या रजिस्टर्ड मेलने पाठवते, त्यात ५०,००० डॉलरपर्यंत विमा मिळतो. मात्र खोक्याला प्लास्टिकची चिकटपट्टी लावून नेऊ नका, खिडकीवरून परत पाठवतात. प्रत्येक सांध्यावर टपालाचा शिक्का उमटायला हवा, म्हणून तपकिरी कागदाचीच पट्टी लागते.