एका बाथरूममध्ये सहा एजन्सी: बालेवाडीच्या साईटवरचा माझा अनुभव

बालेवाडीच्या दोन टॉवरच्या प्रकल्पावर मी एजन्सी कोऑर्डिनेशनसाठी, म्हणजे वेगवेगळ्या ठेकेदारांच्या कामांचा मेळ घालायला रुजू झाले, तेव्हा आरसीसी, म्हणजे काँक्रीटच्या सांगाड्याचं काम, संपत आलं होतं. रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटतं, सांगाडा उभा राहिला म्हणजे अवघड काम उरकलं. पण आरसीसी चालू असताना साईटवर मुख्य ठेकेदार एकच असतो. ॲल्युमिनियम शटरिंगमध्ये भिंती आणि स्लॅब एकत्र भरायचे, खोलायचं, वरच्या मजल्यावर जायचं. फिनिशिंग सुरू झालं की प्लंबिंग, इलेक्ट्रिकल, वॉटरप्रूफिंग, टाइल्स, जिप्सम, खिडक्या, फायर, लिफ्ट, रंग असे सगळे एकदम येतात. प्रत्येकाचा करार वेगळा, मुकादम वेगळा, बिल वेगळं. आपलं काम प्रत्येकाला उत्तम येतं. अडतं ते एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू होतं तिथे.

बाथरूमचंच घ्या. तिथला स्लॅब खाली घेतलेला असतो. आधी प्लंबर कोअर कटिंग करून, म्हणजे स्लॅबमध्ये मशीनने गोल भोक पाडून, पाइप आणि नहाणी ट्रॅप (पाणी वाहून जाण्याची जाळीखालची जागा) बसवतो. मग वॉटरप्रूफिंगवाला पाइपभोवती ग्राउट भरतो, कोपऱ्यांना वाटा (सिमेंटची गोलाई) काढतो, केमिकलचे कोट मारतो आणि गळती तपासायला पाणी भरून ठेवतो. त्यावर कोबा, म्हणजे विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर, पुन्हा पाणी. दरम्यान इलेक्ट्रिशियन गीझरच्या पॉइंटसाठी आणि प्लंबर डायव्हर्टरसाठी (शॉवर-नळाची भिंतीतली तोटी) भिंतीत झिरी मारून जातात. मग टाइल फिटर, खिडकीवाला, सिलिंगवाला. ट्रॅप जरासा वर राहिला असेल, तर फिटर टाइल उचलून घेतो आणि उतार बेडरूमकडे जातो. पाइपच्या कडेने गळती लागली की वॉटरप्रूफिंगवाला म्हणतो, प्लंबरने नंतर पाइप हलवला. प्लंबर म्हणतो, ग्राउट पोकळच होतं. दोघंही प्रामाणिक असू शकतात, कारण दोघांच्या मधल्या वेळात तिथे काय झालं ते कोणीच पाहिलेलं नसतं.

म्हणून आधी आम्ही एक सँपल फ्लॅट शेवटच्या नळापर्यंत पूर्ण केला. क्रम कागदावर ठरवणं वेगळं आणि सगळे मुकादम एकाच बाथरूममध्ये उभे करून ठरवणं वेगळं. एक्झॉस्टचं भोक टाइलच्या सांध्यावर येतंय, हे ड्रॉइंगमध्ये कोणाला दिसलं नव्हतं. तिथे उभं राहिल्यावर टाइल फिटरला पहिल्या नजरेत दिसलं. अशा माणसांना चर्चेत घेत नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं.

त्यानंतर प्रत्येक बाथरूमच्या चौकटीशेजारी एक कागद लावला. काम संपवणाऱ्याची सही त्यावर असायचीच, पण महत्त्वाची सही पुढच्याची: जागा मी बघून ताब्यात घेतली. ती झाली की त्यानंतरच्या मोडतोडीची जबाबदारी त्याची. सही एजन्सीच्या मालकाची नको, मुकादमाची हवी, असा माझा आग्रह होता, कारण मालक बाराव्या मजल्यावर येत नाही. कागद हिंदीत होता आणि काय काय तपासायचं त्याची चित्रं काढलेली होती. आमचे टाइल फिटर राजस्थानचे, जिप्समवाले बंगालमधल्या मालदाचे, प्लंबर ओडिशाचे. सगळ्यांना सहज वाचता येतंच असं नाही.

पाण्याच्या चाचणीसाठीही एक पद्धत ठरवली. भिंतीवर पातळीची रेघ आणि तारीख लिहायची, पण निर्णय रेघेवरून घ्यायचा नाही. एप्रिलमध्ये पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात पाणी तसंही उडतं. निर्णय खालच्या फ्लॅटचं छत बघून, आणि ते बघायला वॉटरप्रूफिंगवाला, प्लंबर आणि आमचा इंजिनिअर असे तिघं एकत्र जायचे.

सुरुवातीला विरोध झाला. "मॅडम, सही किया तो पैसा कटेगा," असं मुकादम तोंडावर सांगायचे. त्यांची भीती रास्त होती. एजन्सीला दर आठवड्याला मजुरांची खर्ची द्यावी लागते. आरए बिल, म्हणजे झालेल्या कामाचं टप्प्याटप्प्याचं बिल, अडकलं की खर्ची थांबते, आणि मग अख्खी गँग हिंजवडीच्या नाहीतर रावेतच्या साईटवर निघून जाते. डेबिट नोटची (बिलातून पैसे कापण्याची) धमकी देऊन रिकाम्या मजल्यावर काम होत नाही. मग मी अकाउंट्सच्या मागे लागले: दोन्ही सह्यांचा कागद आला की तेवढं माप बिलात धरायचं, पुन्हा वेगळी मोजणी नाही. हे पटवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. पण एकदा तो कागद म्हणजे बिलाचा पुरावा झाल्यावर मुकादम स्वतःच पुढच्या एजन्सीच्या माणसाला हाताला धरून सहीसाठी आणू लागले.

सणांचंही गणित असतं. बिहारची मंडळी छठला जातात, मालदाची ईदला. कोणत्या कामावर कोण आहे, हे बघूनच आम्ही मजल्यांची रांग लावली.

लॉबीतल्या फॉल्स सिलिंगच्या वरची जागा हा दुसरा भांडणाचा विषय. तिथे आम्ही सांडपाण्याच्या लाइनला पहिला हक्क दिला. ती उतारावर चालते, हवी तशी वर-खाली नेता येत नाही. मग फायरचा पाइप, शेवटी केबल ट्रे. लिफ्टचा शाफ्ट ताब्यात देण्याआधी वरपासून खालपर्यंत ओळंबा सोडून मापं घेतली आणि लिफ्ट कंपनीची सही घेतली. फायरची अंतिम एनओसी नसेल तर महापालिकेकडे भोगवटा पत्राची फाइल पुढे सरकत नाही, म्हणून या दोन एजन्सींचं वेळापत्रक मी इतरांपासून वेगळं ठेवलं होतं.

आता एक मुद्दा उरला आहे. रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताबा दिल्यापासून ५ वर्षांत बांधकामातला किंवा कारागिरीतला दोष दाखवून दिला, तर बिल्डरला तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावा लागतो. आमच्या करारांत मात्र एजन्सीची रोखून ठेवलेली रक्कम त्याच्या कितीतरी आधी सुटते. पुढच्या टॉवरसाठी बाथरूमचं प्लंबिंग आणि वॉटरप्रूफिंग एकाच एजन्सीला द्यावं, आणि रोखून ठेवलेल्या रकमेऐवजी पूर्ण ५ वर्षांची बँक गॅरंटी घ्यावी, असा प्रस्ताव मी दिला आहे. दर थोडा चढा येईल. मालकांनी अजून होकार दिलेला नाही, आणि मी रोज विचारते आहे.