‘लाँग रेंज’ म्हणून बोलावलं, निघाले पन्नास मीटर

नेमबाजी स्पर्धेच्या पत्रकावर ठळक छापलं होतं, ‘लाँग रेंज टार्गेट रायफल’. फोनवर म्हणाले, "रायफल आमचीच वापरा, जॅकेट आणि स्लिंगचा पट्टा तेवढा आणा." शंका तिथंच यायला हवी होती. मी मात्र आठवडाभर इंग्लंडातल्या बिस्ले रेंजच्या पद्धतीचे नियम घोकत बसलो: ९०० आणि १००० यार्ड, दोन सायटर (गुणांत न धरल्या जाणाऱ्या चाचणीच्या गोळ्या), मग पंधरा गोळ्या, प्रत्येकीला जास्तीत जास्त ५ गुण, अगदी मधल्या वर्तुळात लागली तर ‘व्ही’. पैकीच्या पैकी म्हणजे ७५.१५, म्हणजे ७५ गुण आणि १५ व्ही. गुण सारखे झाले तर ज्याचे व्ही जास्त, तो वर.

परभणीहून पहाटेची गाडी, संभाजीनगरला नाश्ता, सगळं व्यवस्थित. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. पैठण रस्त्याला शहर संपल्यावर रेंज आहे. शेवटच्या तीन किलोमीटरला रिक्षावाल्यानं ३०० रुपये घेतले. आत जाऊन बघतो तर समोर पन्नास मीटर! पॉइंट टू-टू बोअरची रायफल, पडून साठ गोळ्या. टेबलावरचा पोरगा म्हणतो, "सर, दहा मीटरच्या मानानं लाँगच हाय की."

पन्नास मीटर म्हणजे सोपं, असं समजून जाऊ नका. दहा गुणांचं मधलं वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटरचं आणि पुढची प्रत्येक रिंग ८ मिलिमीटर बाहेर. मोजणी दशांशात, एका गोळीला जास्तीत जास्त १०.९, म्हणजे साठ गोळ्यांना ६५४. इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर वेळ ५० मिनिटं. थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पडून आणि उभं राहून) आणखी गोंधळ: पात्रता फेरी पूर्ण अंकांत, अंतिम फेरी दशांशात. पॅरिसला २०२४ मध्ये आपल्या स्वप्निल कुसाळेचे पात्रतेत ५९० होते आणि कांस्य मिळालं ते ४५१.४ ला. हे दोन आकडे एकमेकांशी ताडून बघू नका.

आता माझा गाढवपणा. सामन्याआधी तयारीची आणि सायटरची मिळून १५ मिनिटं असतात. त्यात सायटर कितीही मारता येतात. मी बिस्लेच्या नादात दोनच मारले, दोन्ही दहाच्या आसपास लागले, आणि ऐटीत रायफलवरून गाल काढून पडून राहिलो. शेजारच्या लेनवरचे निवृत्त पोलीसकाका पंचविसावा सायटर मारत होते. मला वाटलं, म्हातारा गोळ्या वाया घालवतोय. सामना सुरू झाल्यावर सायटरवर परत जाता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. रायफल दुसऱ्याची, नेम धरायची साईट दुसऱ्याच्या डोळ्याला बसवलेली. अशा वेळी शेवटच्या मिनिटापर्यंत मारत राहा. वारा बदलला की साईट किती क्लिक फिरवायची, हे तिथंच शिकायचं असतं.

वारा अकरा वाजल्यानंतर आला. उन्हाळ्यात इकडं तो येतोच. सेकंदाला एक मीटरचा आडवा वारा या गोळीला ढोबळमानानं एक रिंग सरकवतो. शिवाय गोळी नुसती आडवी जात नाही. उजवीकडून वारा आला की डावीकडं आणि जरा वर, डावीकडून आला की उजवीकडं आणि जरा खाली. रेंजवर दहा आणि तीस मीटरला वारा दाखवणारी फडकी लावलेली असतात. मी तीसचं बघत होतो. काका म्हणाले, "दहाचं बघा राव, गोळी तिथून निघते." सलग चार गोळ्या आठात गेल्यावर पटलं.

आणि मग घाईत एक गोळी काकांच्या टार्गेटवर. क्रॉसफायर. माझ्या खात्यात शून्य. काकांना काही त्रास नाही, त्यांची ती गोळी धरली जात नाही. दहा गुण उभ्या उभ्या गेले, म्हणजे पडल्या पडल्या. दर वेळी लेनचा आकडा वाचा. घाम डोळ्यात आला असेल तर आधी पुसा. एकूण ५६१.३.

पैशाचं सांगतो. प्रवेश फी ८००, ती पत्रकात होती. रायफलचं भाडं १,२००, ते नव्हतं. वर ‘लेन मेंटेनन्स’ ३००, पावती मागितल्यावर २००. काडतुसं वेगळी, तीही एकाच जातीची, पसंत नसली तरी तीच घ्या. निकालावर हरकत घ्यायची तर आधी पैसे भरा, हरकत खरी ठरली तर परत. हे नियमातच आहे, त्याबद्दल भांडू नका; बाकीच्याबद्दल जरूर भांडा.

जायचं असेल तर फोनवर तीनच प्रश्न: अंतर किती, गोळ्या किती, मोजणी दशांशात का पूर्ण अंकांत. उत्तर ‘या तर खरं’ असं आलं तर जाऊ नका. पाणी स्वतःचं न्या. शेवटची, भिंतीबाहेरची लेन मिळाली तर बदलून मागा. वारा तिथूनच शिरतो, आणि ती नवख्यालाच देतात.