आंबा घाटात तापलेली हायब्रीड

गळीत हंगाम ऐन भरात असताना कागल तालुक्यातील एक गुऱ्हाळमालक, आबा, आपली हायब्रीड (पेट्रोल इंजिनाला बॅटरी आणि मोटरची जोड असलेली) सेडान घेऊन कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या गॅरेजमध्ये आले. कोकणातून परतताना आंबा घाटाच्या चढावर हायब्रीड यंत्रणा तापल्याची सूचना पडद्यावर आली होती, गाडीची ओढ कमी झाली होती, आणि मायलेज तर त्याआधीपासूनच घसरत चालले होते. दुसऱ्या एका ठिकाणी त्यांना संपूर्ण बॅटरी बदलावी लागेल असे सांगण्यात आले होते. पंपावरच्या गप्पांतून मात्र हे सारे पेट्रोलमध्ये मिसळलेल्या, उसापासून बनणाऱ्या इथेनॉलमुळेच झाले, अशी त्यांची खात्री पटली होती. "मिस्त्री, आमच्याच उसानं आमचीच गाडी खाल्ली की ओ," असे ते म्हणाले, तेव्हा त्यांच्या आवाजात रागापेक्षा दुःख अधिक होते.

ज्यांचा ऊस गुऱ्हाळालाही जातो आणि कारखान्यालाही, त्यांच्या मनात त्याच उसाच्या इंधनाविषयी अढी राहू देणे मला पटेना. म्हणून बॅटरीला हात लावण्याआधी मी त्यांच्यासमोर इंधन तपासले. मोजपात्रात १० मिलिलिटर पाणी घेतले, त्यावर टाकीतले ५० मिलिलिटर पेट्रोल ओतले, तोंड बंद करून चांगले हलवले आणि पात्र स्थिर ठेवले. इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्यात उतरते, त्यामुळे खालचा थर वाढतो. तो २० च्या खुणेजवळ येऊन थांबला. म्हणजे ५० मध्ये १०, अर्थात २० टक्के. पंपावर सर्रास मिळते तेच ई२० पेट्रोल ते होते, आणि ते या गाडीला चालते असे तिच्या पुस्तिकेत छापलेले होते. आबा पात्र हातात घेऊन बराच वेळ त्या दोन थरांकडे पाहत राहिले. स्कॅनर जोडल्यावर इंजिनकडून हवा-इंधनाच्या प्रमाणात होणारी दुरुस्तीही मर्यादेतच दिसली.

बॅटरीचे आकडे मात्र वेगळेच बोलत होते. बॅटरीतल्या सेलच्या सर्व गटांचे व्होल्टेज एकमेकांशी जुळत होते, पण तापमान पन्नाशीच्या पुढे गेलेले होते आणि पंखा पूर्ण वेगाने फिरत होता. सेल निकामी झाले असते, तर एखाद्या गटाचे व्होल्टेज भाराखाली इतरांपेक्षा स्पष्टपणे खाली आले असते. येथे तसे काही नव्हते. बॅटरी धडधाकट होती, फक्त तिला हवा मिळत नव्हती.

या गाडीची बॅटरी मागच्या सीटमागे आहे आणि सीटच्या कडेला असलेल्या छोट्या जाळीतून केबिनमधलीच हवा ओढून ती थंड केली जाते. आबा हंगामात गुळाचे रवे आणि बारदान मागच्या सीटवर टाकून शाहूपुरीच्या गूळ बाजारात नेत असत. रबरी हातमोजे घालून मी बॅटरीचा वीजप्रवाह तोडणारा सर्व्हिस प्लग काढला, इन्व्हर्टरमधल्या कपॅसिटरचा विद्युतदाब उतरावा म्हणून पुस्तिकेनुसार १० मिनिटे थांबलो, मीटरवर शून्य पाहिले आणि मगच सीट सोडवली. (नारिंगी तारांमागे २०० व्होल्टच्या आसपासचा दाब असतो; येथे घाई करणाऱ्या मुलांना मी नेहमीच रागावतो.) जाळीमागच्या फिल्टरवर चिपाडाचा भुसा आणि तागाचे धागे यांचा गोधडीच्या अस्तरासारखा थर बसला होता, आणि गुळाच्या चिकटपणामुळे तो बोटाने खरवडूनही निघेना. बॅटरी तापली की संगणक तिची देवाणघेवाण आवरतो. मग ब्रेक दाबल्यावर मिळणारी वीज साठत नाही, चढावर मोटरची मदत मिळत नाही आणि सगळा भार इंजिनवर येतो. मायलेज घसरले ते यामुळे.

फिल्टर बदलला, पंख्याची पाती आणि हवेची नळी साफ केली, आणि गाडी पन्हाळ्यापर्यंत चढवून आणली. स्कॅनर जोडलेलाच होता. पूर्ण चढावर तापमान चाळिशीच्या आत राहिले आणि पंखा जेमतेम ऐकू येत होता.

वाटेत आबांनी विचारले, "मग निस्त्या इथेनॉलवर गाडी पळंल का न्हाई?" मी त्यांना सांगितले की ब्राझीलमध्ये २०१९ पासून इथेनॉलवर चालणारी हायब्रीड कोरोला विकली जाते, आणि २९ ऑगस्ट २०२३ रोजी दिल्लीत नितीन गडकरी यांच्या हस्ते इनोव्हा हायक्रॉसच्या अशाच फ्लेक्स-फ्युएल (पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण कमी-जास्त असले तरी चालणाऱ्या) नमुन्याचे अनावरण झाले. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, ही गोष्ट कोणी ग्राहकापासून लपवू नये, असे माझे ठाम मत आहे. ई२० मध्येही त्यामुळे सहा-सात टक्के ऊर्जा कमी भरते. पण याच कारणाने या इंधनाला बॅटरीची जोड हवी, कारण हायब्रीड गाडी उतारावरची आणि ब्रेकमधली वाया जाणारी शक्ती परत मिळवते आणि इंजिनला त्याच्या सोयीच्या वेगात चालवून ती तूट बऱ्याच अंशी भरून काढते. आपल्या भागात, जिथे एका बाजूला घाट आणि दुसऱ्या बाजूला कारखान्यांच्या डिस्टिलरी आहेत, तिथे या जोडीचा उपयोग सर्वांत आधी व्हायला हवा, असे मला मनापासून वाटते. उसाला लागणारे पाणी हा त्यातला खरा अडसर आहे, आणि ठिबकाशिवाय त्यावर उत्तर दिसत नाही.

आबांनी यावर सरळ हिशेब मांडला: ऊर्जा तिसऱ्या हिश्श्याने कमी, तर लिटरचा दरही त्याच हिशेबाने उतरला पाहिजे, नाहीतर शेतकरी ऊस विकताना एफआरपीसाठी (सरकारने ठरवलेल्या किमान ऊसदरासाठी) भांडणार आणि गाडीत इंधन भरताना पुन्हा तोट्यात जाणार. त्यांच्या हिशेबात मला चूक दिसली नाही, आणि तसे मी त्यांना सांगितलेही. गाडी ताब्यात देताना बिलामागे मी दोन सूचना लिहून दिल्या: रवे डिकीत ठेवावेत, आणि हंगाम सुरू होण्यापूर्वी व संपल्यावर जाळीचा फिल्टर काढून पाहावा.