टॉमी जॉन शस्त्रक्रिया आणि नंतरचं वर्ष: एका पिचरच्या बाबाचा अनुभव

माझा मुलगा न्यू जर्सीत हायस्कूलच्या बेसबॉल संघात पिचर आहे, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारा खेळाडू. सोळाव्या वर्षी त्याच्या उजव्या कोपराच्या आतल्या बाजूचा लिगामेंट, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधणारा पट्टा, फाटला. त्याच्या जागी शरीरातलाच दुसरा स्नायुबंध बसवतात, तीच टॉमी जॉन शस्त्रक्रिया. आमच्यासारखी क्रिकेटमधून आलेली बरीच मराठी घरं इथे मुलांना बेसबॉलला घालतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

मी सांगलीत वेगवान गोलंदाजी करायचो. वेगवान गोलंदाजाची दुखते ती बहुधा पाठ. चेंडू सोडताना हात जवळपास सरळ असल्यामुळे कोपर वाचतं. पिचरचं तसं नाही. त्याचा खांदा पुढे वळतो तेव्हा वाकलेला हात अजून मागेच असतो आणि सगळा ताण त्या एवढ्याशा लिगामेंटवर येतो. त्यात माझा मुलगा शाळेच्या आणि क्लबच्या अशा दोन संघांत खेळत होता. दोन्हीकडे पिच, म्हणजे त्याने फलंदाजांना टाकलेले चेंडू, मोजले जात होते, पण त्यांची बेरीज कुणीच करत नव्हतं.

सर्जननी त्याला अंगठा करंगळीला लावून मनगट वाकवायला सांगितलं. मनगटाच्या मधोमध एक दोरी वर आली. "हीच काढून कोपरात बसवायची," ते म्हणाले. ही दोरी म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा स्नायुबंध. काही जणांना तो नसतोच, मग मांडीतला घेतात. हाडांना भोकं पाडून तो त्यांतून ओवतात.

डॉ. फ्रँक जोब यांनी 25 सप्टेंबर 1974 रोजी लॉस एंजेलिस डॉजर्स या बेसबॉल संघाचा डावखुरा पिचर टॉमी जॉन याच्यावर ही शस्त्रक्रिया पहिल्यांदा केली. त्याचं 1975 साल पूर्ण वाया गेलं. 1976 मध्ये तो परतला, 1977 मध्ये त्याने 20 सामने जिंकले आणि वयाच्या 46व्या वर्षापर्यंत तो खेळत राहिला. कारकिर्दीतल्या त्याच्या 288 विजयांपैकी 164 या शस्त्रक्रियेनंतरचे आहेत. हे आकडे मुलाने कागदावर लिहून पलंगाशेजारी चिकटवले. मीही ते रोज वाचायचो.

शस्त्रक्रियेचा दिवस सोपा गेला. पुढचे महिने अवघड होते. सुरुवातीला बिजागरीचा पट्टा होता, त्याचा कोन हळूहळू वाढवायचा. मग बादलीभर तांदळात हात खुपसून मूठ उघडायची, मिटायची. पिचर मंडळींचा हा जुनाच व्यायाम. "अन्नात असा हात घालायचा?" म्हणून हिचा जीव खालीवर झाला, तेव्हा त्यासाठी वेगळं पोतं आणलं.

खरी परीक्षा दुखणं थांबल्यावर सुरू झाली. "बाबा, काहीच दुखत नाहीये, टाकू दे ना," हे मी किती वेळा ऐकलं असेल! फिजिओथेरपिस्टने त्याला समोर बसवून नीट समजावलं: बसवलेल्या स्नायुबंधात नव्या रक्तवाहिन्या शिरायच्या असतात, त्याचा लिगामेंट व्हायचा असतो. दुखत नाही म्हणजे तो तयार झाला असं नाही. हे एक वाक्य आम्हाला पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं, असं मला आजही वाटतं.

चेंडू हातात आला तो 45 फुटांवरून हलकेच फेकण्यापुरता, तोही एक दिवसाआड. मग 60, 90, 120 फूट. दुखलं की एक पायरी मागे. माउंडवर, म्हणजे पिचर जिथून चेंडू टाकतो त्या उंचवट्यावर, चढायची परवानगी त्यानंतर बऱ्याच काळाने मिळाली. तिथेही आधी फक्त फास्टबॉल (वेगवान चेंडू), मग चेंजअप (तशाच हालचालीने टाकलेला संथ चेंडू), आणि कर्व्हबॉल (वळणारा चेंडू) सगळ्यात शेवटी. सामन्यात उतरेपर्यंत वर्ष उलटून गेलं होतं. या काळात त्याचे मित्र खेळत होते आणि हा बाकावर बसून स्कोअर लिहीत होता. ते पाहताना माझ्या पोटात कालवायचं.

आता दोन्ही संघांचे पिच आम्ही एकाच वहीत मांडतो. मेजर लीग (अमेरिकेतली व्यावसायिक बेसबॉल लीग) आणि यूएसए बेसबॉल या संघटनेच्या पिच स्मार्ट नियमांनुसार 17-18 वर्षांच्या मुलाने दिवसाला जास्तीत जास्त 105 पिच टाकावेत आणि 81 किंवा त्याहून जास्त टाकले तर चार दिवस विश्रांती घ्यावी. वही घेऊन दोन्ही प्रशिक्षकांकडे मी स्वतः जातो. तुमचं मूल दोन संघांत खेळत असेल तर तुम्हीही जा.

कर्व्हबॉल बंद होता त्या महिन्यांत तो चेंजअपच घोटत बसला होता. टॉमी जॉनही वेगावर नव्हे, तर सिंकरवर (शेवटी खाली बुडणाऱ्या चेंडूवर) फलंदाजांना बाद करायचा, हे त्याला ठाऊक होतं. आता अडचणीच्या वेळी कॅचर (फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा, क्रिकेटमधल्या यष्टिरक्षकासारखा) त्याच्याकडे चेंजअपच मागतो.